अकरावा राजीनामा

"हे फोटो कुठून आले?" सोनटक्केबाईंनी मला विचारलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

मी गप्प बसले. समोर सतरंजीवर तीसेक प्राध्यापक मांडी घालून बसले होते आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. वर पंखा खडखडत होता. मी मनात आकडे मोजत होते. एक, दोन, तीन. आठापर्यंत पोचले आणि घशात काहीतरी वळवळायला लागलं.

"कुठून आले ते सोडा, खरे आहेत की नाहीत ते सांगा!"

"नऊ सेकंद," बाई घड्याळाकडे बघून म्हणाल्या. "नवव्या सेकंदाला बोललात. आता अध्यक्ष तुम्हाला दुसरं काहीतरी विचारणार, तुम्ही त्याचंही उत्तर देणार, आणि तुमचा मूळ प्रश्न राहिला बाजूला. पुन्हा करू."

सतरंजीवर हशा पिकला. माझे कान तापले.

आमच्या प्राध्यापक संघटनेचं ते दोन दिवसांचं कार्यकर्ता प्रशिक्षण शिबिर होतं. लातूरला एक मंगल कार्यालय स्वस्तात मिळालं होतं. स्टेजच्या मागच्या पडद्यावर कुणा नवरानवरीची थर्मोकोलची नावं अजून तशीच चिकटलेली होती आणि त्यांच्या खाली बसून आम्ही निवेदन कसं लिहावं, इतिवृत्त कसं ठेवावं, सहसंचालकांच्या कार्यालयात कोणत्या टेबलापासून सुरुवात करावी, हे शिकत होतो. शेवटचं सत्र होतं वाटाघाटींचं. शिकवायला सोनटक्केबाई होत्या. बाई निवृत्त ग्रंथपाल. तीस वर्षं 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसलेल्या. आवाज इतका हळू, की त्या बोलायला लागल्या की लोक आपोआप पुढे सरकायचे.

"आपल्या जातीला एक खोड आहे," बाई म्हणाल्या. "प्राध्यापकाची जात म्हणते मी. वर्गात आपण प्रश्न विचारतो. पोरं गप्प. आपण दोन-चार सेकंद थांबतो आणि मग आपणच फळ्याकडे वळून उत्तर देतो. वर्षानुवर्षं हेच करतो. शांतता पडली की ती आपणच भरून काढायची, असं अंगवळणी पडलंय. समोरचा संस्थाचालक असतो व्यापारी, नाहीतर पुढारी. त्याला घाई नसते. तो नुसता विचारतो आणि बसून राहतो. अर्ध्या वाटाघाटी आपण तिथेच हरतो. म्हणून आपला प्रश्न विचारायचा आणि वीस मोजायचे. त्याने प्रश्न विचारला तरी वीस मोजायचे. विसानंतर परत आपलाच प्रश्न."

मी गणिताची प्राध्यापक. वत्सला केंद्रे. वीस मोजणं मला जड जाऊ नये. पण माझी आई म्हणायची, आमची वत्सी झोपेतसुद्धा शिकवते. बसमध्ये कुणी शेजारच्याला पत्ता विचारला, तरी उत्तर मी द्यायची. त्या दिवशी तीन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत मी तेराला फुटले. तिसऱ्या फेरीत दाताखाली जीभ धरली, पदराचं टोक मुठीत आवळलं आणि वीस पार केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला, की विचारू नका.

जेवताना बाई पत्रावळ घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"बुधवारची बैठक खरी आहे ना तुमची?"

"हो. संस्थेच्या अध्यक्षांबरोबर. मी आणि लोमटे सर जाणार आहोत."

"मग बोलू द्या लोमट्यांना. तुम्ही लिहून घ्या."

घास माझ्या हातातच राहिला. लोमटे सर आमच्या कॉलेजातल्या शाखेचे अध्यक्ष. कॉमर्सचे. दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस, त्यातली आठ वर्गात. हा काय बोलणार?

"बाई, शाखेची सचिव मी आहे. सगळं प्रकरण मी उभं केलंय. आणि आत्ता वीस केले की मी."

"केलेत," बाई म्हणाल्या. "पण टाळ्या मिळणार होत्या म्हणून केलेत."

मला त्यांचा राग आला. ग्रंथालयात बसून आयुष्य काढलेल्या बाईने मला बोलण्याचं शिकवावं! मी ताटावरून उठले आणि मठ्ठा प्यायला गेले.

प्रकरण असं होतं. आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे अकरा जण होते. कुणी पाच वर्षं, कुणी नऊ. दर वर्षी जूनमध्ये नेमणुकीचं पत्र देण्याआधी संस्था त्यांच्याकडून एक कागद लिहून घ्यायची. 'मी वैयक्तिक कारणास्तव पदाचा राजीनामा देत आहे.' खाली सही. तारखेची जागा कोरी. तो कागद अध्यक्षांच्या कपाटात राहायचा. माणसाने आवाज चढवला, निवडणुकीत अध्यक्षांच्या गाडीत बसायला नकार दिला, रविवारी खेड्यापाड्यांत प्रवेशासाठी पोरं गोळा करायला गेला नाही, की त्या कोऱ्या जागेत तारीख पडायची. अकराही जणांनी स्वतःच सह्या केलेल्या, पण बोलायला एकही तयार नव्हता. आणि अध्यक्ष छातीठोकपणे सांगायचे, असले कागद आमच्याकडे नाहीतच.

दिवाळीनंतर एका दुपारी कविता उफाडे माझ्या घरी आली. वनस्पतिशास्त्राची. सात वर्षं तासिकेवर. नेट झालेली, हुशार पोरगी. जुलैमध्ये तिला प्रवेशाच्या कामासाठी अध्यक्षांच्या खोलीत बसवलं होतं. माहितीपत्रकं काढायला तिने कपाट उघडलं आणि तिला ती फाईल सापडली. मोबाईलवर तिने अकराच्या अकरा कागदांचे फोटो काढले आणि चार महिने कुणाला दाखवले नाहीत.

"मॅडम, हे घ्या," ती म्हणाली. "फक्त माझं नाव तेवढं कुठं येऊ देऊ नका. यांचा अपघात झाल्यापासून घरात मी एकटीच कमवायलेय. आणखी दोन वर्षांत जागा निघंल म्हणायलेत. तेवढी दोन वर्षं मला काढायचीत."

"तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही," मी म्हणाले. तिच्या हातावर हात ठेवून म्हणाले.

बुधवारी अकरा वाजता आम्ही अध्यक्षांच्या खोलीत गेलो. अध्यक्ष म्हणजे तात्यासाहेब मुरकुटे. पांढरंशुभ्र धोतर, हातात अडकित्ता, समोर पितळेचा पानाचा डबा. एका बाजूला प्राचार्य गव्हाणे बसले होते. गव्हाणे सर मूळचे इतिहासाचे, एकेकाळी आमच्यातलेच, संघटनेच्या वर्गणीची पावती फाडणारे. प्राचार्य झाल्यापासून ते खुर्चीच्या कडेवर बसायला शिकले होते.

"या मॅडम, या," तात्यासाहेब म्हणाले. "लोमटे, बसा. लातूरला शिबिराला गेला होतात म्हणं. काय शिकून आलात?"

लोमटे सरांनी वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. मी पिशवीतून फोटोंची प्रत काढली आणि टेबलावर पसरली. अकरा कागद, अकरा सह्या, अकरा कोऱ्या जागा.

"तात्यासाहेब, हे राजीनामे तुम्ही परत कधी देणार?"

आणि मी मोजायला लागले.

तात्यासाहेबांनी फोटो हातातही घेतले नाहीत. नुसती मान पुढे करून पाहिले. मग डब्यातून सुपारी काढली, अडकित्त्यात धरली आणि कातरायला लागले. दहा. अकरा. गव्हाणे सरांचा गुडघा टेबलाखाली हलत होता. सतरा. अठरा. वीस पार झाले तरी मी गप्पच. मला आतून फुटायला झालं होतं, पण अभिमानाने. बघा म्हणावं सोनटक्केबाईंना!

"असं हाय तर," तात्यासाहेब शेवटी म्हणाले. पहिला शब्द त्यांचा! लोमट्यांनी तो लिहून घेतला. "हे फोटो कुणी काढले, मॅडम?"

अगदी तोच प्रश्न. शिबिरात तीनदा घोटून घेतलेला. मी पदर मुठीत धरला. एक, दोन. रंगनाथमामा चहा घेऊन आले. मामा म्हणजे अध्यक्षांच्या खोलीचे शिपाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांनी कप मांडले आणि ट्रे छातीशी धरून नेहमीसारखे दाराशी उभे राहिले. आठ, नऊ. तात्यासाहेब माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. वर्गातला हुशार पोरगा बघतो ना, बाईंना उत्तर येतंय की नाही, तसं. तेरा. चौदा. खोलीत आवाज फक्त अडकित्त्याचा. प्रश्न तसाच हवेत लोंबत होता आणि माझी बावीस वर्षांची सवय आतून धक्के मारत होती. कुणीतरी काहीतरी बोला रे, कुणीतरी हात वर करा!

"कुणी काढायला कशाला पाहिजेत?" मी म्हणाले. "कपाटं सताड उघडी टाकता, प्रवेशाच्या दिवसांत त्यांच्यापुढेच माणसं कामाला बसवता, मग लोकांना दिसणार नाही तर काय होईल?"

बोलले आणि मला कळलं.

लोमटे सरांचं पेन थांबलं. प्रवेशाच्या दिवसांत त्या कपाटापुढे माणसं नव्हती बसली. एकच बाई बसली होती.

तात्यासाहेबांनी अडकित्ता डब्यात ठेवला. उठले, कपाटाकडे गेले आणि आमच्या देखत ती फाईल काढून घेऊन आले. आता नाकारण्यासारखं काही राहिलं नव्हतं आणि त्यांना गरजही नव्हती. थुंकी लावून एकेक कागद उलटला. उफाडेचा कागद वेगळा काढला, चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं.

"आज तारीख किती, प्राचार्य?"

"अठरा," गव्हाणे सर लगेच म्हणाले. "अठरा डिसेंबर."

तात्यासाहेबांनी कोऱ्या जागेत तारीख घातली. सावकाश, वळणदार अक्षरात. मग कागद आमच्याकडे फिरवला.

"उफाडे मॅडमनी राजीनामा दिला. वैयक्तिक कारण दिसतंय. मंजूर."

सात वर्षं त्या पोरीने इथे काढली होती आणि माझ्या एका वाक्याने, सही न लागता, आवाज न होता, तिचं सगळं संपलं. तोंड फोडून घ्यावंसं वाटलं. लोमटे माझ्याकडे बघत नव्हते, ते वहीकडे बघत होते. त्यांनी एक ओळ लिहिली आणि वही किंचित माझ्याकडे सरकवली. 'कविता आज नांदेडला आहे.'

मला विसरच पडला होता! विद्यापीठाच्या पेपर तपासणीसाठी ती सोमवारपासून नांदेडला गेली होती. मी लोमट्यांकडे पाहिलं. मग गव्हाणे सरांकडे वळले.

"सर, उफाडे मॅडम आज कुठे आहेत?"

तात्यासाहेब म्हणाले, "त्याचा काय संबंध?"

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी गव्हाणे सरांकडेच बघत राहिले आणि मोजत राहिले. ह्या वेळी मला कष्ट पडले नाहीत. तोंड कोरडं पडलं होतं, बोलायचं म्हटलं असतं तरी बोलता आलं नसतं. गव्हाणे सरांनी चहाचा कप उचलला, खाली ठेवला. बशी वाजली. दहा. त्यांनी तात्यासाहेबांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. प्राचार्यपद सहा वर्षांचं, शिकवणं सव्वीस वर्षांचं. चौदा. पंधरा. त्यांचे ओठ हलायला लागले. मला माहीत होतं त्यांच्या आत काय चाललंय, माझ्या आत तेच आत्ता होऊन गेलं होतं.

"त्या पेपर तपासणीला गेल्यात," ते म्हणाले. "नांदेडला. सोमवारपासून. मीच पाठवलंय, माझ्या सहीचं पत्र आहे."

"गव्हाणे!" तात्यासाहेब ओरडले.

पण लोमटे सरांनी लिहिलं होतं. तारीख, वेळ, हजर असलेल्यांची नावं, आणि प्राचार्यांचं वाक्य शब्दाला शब्द. नांदेडला पेपर तपासत असलेली बाई इथे येऊन आजच्या तारखेचा राजीनामा देऊ शकत नव्हती. ते एक पान सहसंचालकांच्या टेबलावर गेलं असतं, तर त्या फाईलचं काय झालं असतं हे तात्यासाहेबांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांचं धाबं दणाणलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पानाच्या डब्याचं झाकण त्यांना दोन वेळा नीट बसवता आलं नाही.

ते मागे टेकले. मग त्यांनी फाईलमधले दहा कागद काढले, टेबलावर आपटून सारखे केले आणि आमच्यापुढे ठेवले. अकरावा त्यांनी स्वतःच्या हाताखाली धरला.

"मॅडम, एकदाच सांगतो. वहीतलं ते पान फाडा आणि हे दहा कागद घेऊन जा. इथंच फाडा, जाळा, काय करायचं ते करा. पुढच्या वर्षीपासून कुणाकडून लिहून घेणार नाही, शब्द देतो. दहा तुम्ही घ्या. अकरावा माझा. माझ्या कपाटात हात घालणारी बाई मी ठेवणार नाही. बोला, मान्य हाय का?"

लोमटे सर माझ्याकडे बघायला लागले. सचिव मी. बोलायचं मी. रविवारी लातूरला बाईंसमोर मी हट्टाने तेच तर मागून घेतलं होतं. लोमट्यांच्या हातातली वही उघडीच होती, आणि ते पान हे एकच पान होतं ज्याने कविताला वाचवता आलं असतं.

मी मोजत होते. निदान तेव्हा तरी मला वाटलं, मी मोजतेय. पाच, सहा, सात. दाराशी रंगनाथमामा ट्रे धरून उभे होते. दहा. तात्यासाहेब दहा कागदांवर बोट वाजवत होते. चौदा झाले तेव्हा त्यांनी कागद आणखी पुढे सरकवले.

"म्हणजे ठरलं," ते म्हणाले.

लोमट्यांनी आणखी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग वहीतलं पान टरकन फाडलं आणि तात्यासाहेबांच्या पुढ्यात ठेवलं.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात ते एवढंच म्हणाले, "दहा सुटले, मॅडम."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. दहा जणांनी आपापला कागद स्वतःच्या हाताने फाडला. एकाने तर रडत फाडला. जिल्ह्याच्या पेपरात तीन कॉलमची बातमी आली, त्यात माझा फोटो. सोनटक्केबाईंचा फोन आला. त्यांनी अभिनंदन केलं आणि विचारलं, "अकरा होते ना?" मी म्हणाले, रेंज नाही बाई, आवाज तुटतोय.

कविता शुक्रवारी परतली. शनिवारी सकाळी माझ्या दारात उभी राहिली. चप्पलही काढली नाही.

"मॅडम, त्यांना कसं काय कळलं?"

ह्या प्रश्नाला मात्र मी एक सेकंदसुद्धा घेतला नाही. "प्रवेशाला तू बसली होतीस ना तिथे. त्यावरून अंदाज केला असेल. त्यांची माणसं सगळीकडे असतात ग."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बरं मॅडम," म्हणाली आणि गेली. पुढच्या सत्रात तिला तास मिळाले नाहीत. कुणीतरी सांगितलं, अहमदपूरकडे कुठे शिकवणी वर्गात जाते. जागा निघाली दीड वर्षाने. तिच्या विषयाचीच निघाली. दुसरं कुणीतरी लागलं.

ह्याला नऊ वर्षं झाली. ह्या नऊ वर्षांत मी जिल्ह्या-जिल्ह्यात शिबिरं घेतली. सोनटक्केबाई थकल्या, त्यांचं सत्र माझ्याकडे आलं. मी त्यांच्यासारखंच घड्याळ काढून टेबलावर ठेवते, प्राध्यापकांची खोड सांगते, ती विनोद करून सांगते आणि लोक खूप हसतात. गव्हाणे सरांची गोष्ट नावं बदलून सांगते. प्राचार्यांच्या तोंडून वाक्य कसं बाहेर पडलं, तिथपर्यंतच सांगते. दहा सुटले म्हणते. अकरा होते म्हणत नाही.

गेल्या हिवाळ्यात शिबिर हिंगोलीला होतं. तिथल्या शाळेच्या हॉलमध्ये चाळीस माणसं. मी नावांच्या यादीवरून बोट फिरवत होते आणि सतराव्या ओळीला बोट थांबलं. डॉ. कविता उफाडे. नांदेड जिल्ह्यातलं एक कॉलेज, शाखा सचिव. मान वर केली तर ती तिसऱ्या रांगेत बसली होती. केसांत पांढरं दिसत होतं. माझ्याकडे बघून तिने हात जोडले, नीट, आदराने. मला बरं वाटलं. कायम झाली, डॉक्टरेट झाली, माझ्यावर राग नसावा. असं मी स्वतःला सांगितलं आणि सत्र सुरू केलं.

घड्याळ टेबलावर ठेवलं. नेहमीचं सगळं सांगून झालं. हसून झालं.

"आता सराव," मी म्हणाले. "एकाने पुढे यायचं. मला एकच प्रश्न विचारायचा आणि मी बोलेपर्यंत गप्प उभं राहायचं. जो आधी बोलेल तो हरला. कोण येतंय?"

कविता उठली. रांगेतून वाट काढत पुढे आली आणि टेबलाच्या पलीकडे उभी राहिली.

"कुठलाही प्रश्न विचारू का, मॅडम?"

"कुठलाही."

"तुमच्या तोंडून नाव निघालं हे मला त्याच शनिवारी माहीत होतं," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता, मागच्या रांगेतली माणसं पुढे सरकली. "तुमच्याकडे यायच्या आधी रंगनाथमामा भेटले होते. त्याचं काही नाही. माणसाचं तोंड सुटतं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा हाय. दहा तुम्ही घ्या, अकरावा माझा, मान्य हाय का, असं ते म्हणाले. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

आणि ती गप्प झाली.

हॉलमधल्या लोकांना वाटलं, सरावासाठी रचलेली गोष्ट आहे. पुढच्या रांगेतल्या एकाने खूष होऊन घड्याळाकडे मान वळवली. मी उभी होते. मोजावे म्हणून मी एक म्हणाले, दोन म्हणाले, आणि पुढचा आकडा येईना. त्या दिवशीही तो आला नव्हता. मी काही मोजत नव्हते त्या खोलीत. मी नको म्हणाले असते, तर ते पान राहिलं असतं, प्रकरण वर गेलं असतं, आणि नाव कुणाच्या तोंडून निघालं हे साऱ्या जिल्ह्याला कळलं असतं. दहा कागद घेऊन बाहेर पडले की पेढे होते. मला सुटायचं होतं, कविता. त्या दहांच्या आडून मीच सुटले.

हे सगळं मला तिला सांगायचं होतं. मला बोलता येतं, मी अर्धा तास बोलले असते, तिच्या डोळ्यांत पाणी आणलं असतं. पण तिने एवढं विचारलं नव्हतं. तिने एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर एवढंसं होतं. ती टेबलापलीकडे हात बांधून उभी होती. तिला घाई नव्हती.

"काहीच नाही," मी म्हणाले. "मी काहीच म्हणाले नाही."

"एकतीस सेकंद!" पुढच्या रांगेतला तो माणूस ओरडला. "मॅडम हरल्या!"

सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. कविता त्या टाळ्यांमध्येच मागे वळली, आपल्या जागेवर जाऊन बसली आणि वही उघडून काहीतरी लिहून घ्यायला लागली.